बारलाहाने सुरी धरली

बारलाहाला कोंबडी मारायला एक क्षण पुरे. डाव्या हातात पाय, उजव्या हाताने मानेला एक पिळा, आणि संपलं. रक्ताचा थेंब नाही, पिसं कोरडी. अंत्युखियाच्या नदीकाठच्या बाजारात त्याच्या हाताचं नाव होतं. "माझ्याकडच्या पाखराला आपण मेलोय हेही कळत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकं हसत एकाच्या जागी दोन नेत.

बायको आणि मुलगी एकाच उन्हाळ्यात तापाने गेल्या. त्यानंतर तो दुकानाच्या दारातच उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायचा. आमच्या अंगणात येशूच्या नावाने पंगत बसते आणि तिथे कुणालाही जागा मिळते, हे त्याला कुणीतरी सांगितलं. भला थोरला माणूस, पण पहिल्या दिवशी दारातच अंग चोरून उभा राहिला. नंतर एकही आठवडा चुकला नाही. बाप्तिस्मा घेतला, देवीला कोंबडं वाहायचं सोडलं. बाजार त्याला 'ख्रिस्ताचा' म्हणून चिडवू लागला. "चिडवा, पण एकदा जेवायला या," असं हा उलट त्यांनाच म्हणायचा.

आम्ही यहूदी. माझे वडील हनिना जन्मभर आमच्या वस्तीसाठी पाखरं कापत आले. सुरीची धार नखावर तपासायची, एका झटक्यात कापायचं, रक्त मातीत गळू द्यायचं आणि वर माती लोटायची. रक्तात जीव असतो आणि जीव देवाचा. बाबाही येशूला मानत, पण ताटाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. त्यामुळे पंगतीला मसुराची आमटी, भाकरी आणि ऑलिव्ह, एवढंच असे. बारलाहासारखे परके, म्हणजे यहूदी नसलेले, आणि आम्ही एकाच पातेल्यातून खात होतो आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

मग बारलाहाच्या बाप्तिस्म्याला वर्ष झालं. गडी खूष होऊन जिरं लावून भाजलेल्या सहा कोंबड्या घेऊन आला.

"कापल्या कुणी?" बाबांनी विचारलं.

"कापल्या? छे हो काका. मी कधी कापतो का? एक थेंब सांडला नाही. सगळं आतच आहे, म्हणून तर चव."

बाबा उठले. त्यांच्यामागे आमची निम्मी पंगत उठली. बारलाहा परात हातात धरून उभा. आपण काय केलं, हे त्याला कळेचना.

त्याच सुमाराला यहूदियातून काही पाहुणे आले होते. त्यांना आयतंच निमित्त मिळालं. ते म्हणाले, या परक्यांची आधी सुंता करून त्यांना यहूदी करा, मग शेजारी बसवा. पुढच्या आठवड्यात दोन चटया पडल्या, एक आमची ओसरीवर आणि एक परक्यांची विहिरीजवळ. ती दुसरी चटई मीच अंथरली. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दोन दिवसांनी बारलाहा माझ्याकडे आला. "तिर्झाताई, सुंता करायची तर कुणाकडे जायचं?"

"वय काय तुझं?"

"बावन्न."

"मरशील, भाऊ."

"मग काय झालं? विहिरीकडे तोंड करून जेवतो, त्याला तू जगणं म्हणतेस?"

मी म्हटलं, "आपली माणसं हा वाद घेऊन यरुशलेमला गेलीत. ती परत येईपर्यंत कुणाच्या सुरीच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस." आणि आत जाऊन बाबांशी कडाकडा भांडले. ते ढिम्म.

यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांचं पत्र आलं, ते आमच्याच अंगणात वाचलं गेलं. सुंतेचं ओझं परक्यांवर नाही. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, रक्त नको, गळा दाबून मारलेलं नको, व्यभिचार नको. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बारलाहा मात्र म्हणाला, "ते तिसरं परत वाचा."

परत वाचलं. सगळ्यांची नजर त्याच्या हातांकडे गेली. त्यानेही हात पुढे धरून पाहिले आणि त्याला हसू फुटलं. "म्हणजे मी आहे तसा चालतो? नुसती हातांची खोड मोडायची?"

बाबा ओसरीवरून हलले नाहीत. "पत्र त्याला आलंय, मला नाही," ते मला म्हणाले. "परक्याच्या हातचं कापलेलं मी खात नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारलाहा जिवंत कोंबडी आणि नवी सुरी घेऊन बाबांसमोर हजर. त्याने आपल्या मनाने सुरी धरली. बाबांना ते बघवेना.

"अरे माणसा, लाकूड तासतोयस का? आण इकडे." त्यांनी पात्यावरून नख फिरवलं. "खाच आहे. घासून आण."

तो घासून आणी, बाबा परत पाठवत. सबंध हिवाळा हेच चाललं. दुकानात पिसं ओली, ओटा लाल, जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडून शेजारच्या दुकानात जाऊ लागली. "हात गेला वाटतं तुझा," असं कुणी म्हटलं की हा म्हणे, "गेला. दुसरा शिकतोय."

बदाम फुलायच्या दिवसांत एका सकाळी बाबांनी त्याची सुरी नखावर तीनदा फिरवली आणि 'घासून आण' न म्हणता परत दिली.

त्या रविवारी बारलाहा एकच कोंबडी भाजून घेऊन आला. ती विहिरीजवळच्या चटईवर ठेवून आपल्या नेहमीच्या जागी बसला. ओसरीकडे त्याने बघितलंही नाही. प्रार्थना झाली. मी आमटी वाढत होते, तेवढ्यात बाबा आपली वाटी घेऊन उठले. गुडघ्यावर हात टेकत पायरी उतरले. मला वाटलं, पुन्हा जेवणावरून उठून चालले.

ते विहिरीपाशी जाऊन उभे राहिले.

"सरक," म्हणाले.

बारलाहा सरकला, इतका सरकला की चटईबाहेर मातीतच गेला.

"एवढा लांब नको," बाबा म्हणाले आणि त्याला लागून बसले. कोंबडीची एक तंगडी मोडून त्यांनी आधी त्याच्या हातात दिली, मग दुसरी मोडून स्वतः खाल्ली.