रेघेखालचं पाणी

टाकीवाले काकांनी उभ्या आयुष्यात दोनशे अकरा टाक्या बांधल्या आणि त्यातली एकही गळली नाही. हा आकडा तुम्हाला काकांकडूनच कळायचा, कारण ते तो बसल्या बैठकीला दोनदा सांगत. शेजारचे मास्तर तर काकांनी 'दोनशे' म्हटलं की 'अकरा' स्वतःच म्हणून मोकळे होत. पण थट्टा सोडा, आकडा खरा होता.

टाकी बांधून झाली की काका ती काठोकाठ भरत. पाणी जिथवर चढेल तिथे आतल्या भिंतीवर जाड पेन्सिलीने रेघ मारत. शेजारी एक बादली भरून ठेवत आणि तिच्यातही तशीच रेघ. मग तीन दिवस कुणी टाकीजवळ फिरकायचं नाही. तीन दिवसांनी काका आधी बादली बघत, मग टाकी. "बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाचं," ते म्हणत, "त्याहून जास्त उतरलं तर ते माझं पाप." दोनशे अकरा वेळा पाप निघालं नाही.

काम थांबवून सहा वर्षं झाली होती. हाताला चैन नव्हती. काकूंनी मागितल्या नसतानाही त्यांनी ओट्याच्या फरश्या दोनदा बदलल्या, परसातला धुण्याचा दगड तीनदा हलवला आणि शेवटी काकूंनी हात जोडले. असा हा माणूस कुत्र्यांसाठी तळं बांधायला घेईल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

घरात कुत्री दोन. चिंगी म्हणजे मूठभर जीव आणि घरभर आवाज. ती काकूंची. आणि साहेब काकांचा. बारा वर्षांपूर्वी एका नव्या, कोरड्या टाकीत कुठून कोण जाणे, एक पिल्लू पडलं होतं. काका शिडी लावून उतरले आणि त्याला डब्याच्या पिशवीत घालून वर आले. ते पिल्लू दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ लागलं. वाळूच्या ढिगावर चढून बसायचं आणि कोण काय करतंय ते मान तिरकी करून बघायचं. गवंडी म्हणाले, "आले, साहेब आले!" तेच नाव राहिलं. पुढे साहेब अंगाने चांगला दांडगा झाला, केसाळ, काळा, आणि काकांच्या शेवटच्या साठ-सत्तर टाक्या त्याच्या देखरेखीखाली झाल्या.

आता साहेब म्हातारा झाला होता. उन्हात त्याची धाप थांबत नसे. मागचे पाय उठताना लटपटत, कधी कधी उठतच नसत. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मांड्या दाबून पाहिल्या आणि त्या काकांकडे न बघता बोलल्या.

"पायांत मांसच राहिलं नाहीये. चालवून उपयोग नाही, सांधे दुखतात त्याचे. पोहवा. पाण्यात वजन पडत नाही, पाय आपोआप चालतात. दोन महिन्यांनी परत आणा."

"आणि नाही सुधारला तर?" काकूंनी विचारलं.

"तर मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल."

वेगळं म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. घरी येताना साहेब मागच्या सीटवर खिडकीबाहेर नाक काढून वारा खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी परसात दोरी धरली. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल. माळ्यावरून थापी, ओळंबा, गुण्या, लेव्हलची नळी, सगळी पलटण खाली आली. चौथ्या दिवशी चारी भिंती उभ्या राहिल्या, ओळंब्यात अशा की एका केसाचा फरक नाही. काकू बघायला आल्या.

"छान झालंय. पण तो उतरणार कसा?"

दोनशे अकरा टाक्यांमध्ये कुणाला उतरायचं असतं असा प्रश्नच कधी आला नव्हता. पाणी उतरायचं, माणसं वरून बादली सोडायची.

"अहो, हे साहेबासाठी आहे ना? की आग लागली तर बंब भरायला?"

काकांनी निमूटपणे एक भिंत पाडली आणि तिथून लांबलचक उतार काढला. मग मात्र त्यांच्यातला टाकीवाला पुन्हा उसळून आला. आत निव्वळ सिमेंटची घोटाई केली. गुडघ्यावर बसून, तीन दिवस, वय विसरून. उतार तर इतका गुळगुळीत केला की मास्तर कुंपणावरून डोकावून म्हणाले, "काका, यात तोंड दिसतंय माझं." काका हसले. आयुष्यातली सगळ्यात देखणी घोटाई झाली होती ती.

पाणी मारून, वाळवून, भरून दोन आठवडे गेले. चिंगीने विचारपूस न करता उडी घेतली, दोन फेऱ्या मारल्या आणि बाहेर येऊन काकूंची साडी भिजवली. साहेब काठावर उभा. काकांनी बिस्किट दाखवलं, चेंडू टाकला, लाडीगोडी लावली. तो हलेना. शेवटी काकांनी त्याला कवेत उचललं आणि उतारावर ठेवलं.

पुढचे दोन्ही पाय एकदम सुटले. घोटाईवर साहेब पाटीवरून खडी घसरावी तसा घसरला, मागचे पाय फाकले आणि डोकं पाण्याखाली गेलं. फार तर दोन क्षण. काकांनी पट्टा धरून ओढला. साहेब भुंकला नाही, ओरडला नाही. खुरडत धुण्याच्या दगडामागे गेला आणि काकांकडे पाठ करून बसला.

बारा वर्षांत त्याने काकांकडे पाठ केली नव्हती.

दुसऱ्या सकाळी परसातून टकटक ऐकू येऊ लागली. काका तळं उपसून, छिन्नी-हातोडी घेऊन आपलीच घोटाई टोचत होते. इंच इंच उतार खरखरीत करत होते.

"पाडताय की काय?" मास्तर कुंपणावरून.

"नाही. चूक दुरुस्त करतोय."

"एवढी सुंदर घोटाई..."

"कुत्र्याला तोंड बघायचं नसतं त्यात," काका म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली. त्यांना वाईट वाटत होतं, पण घोटाईचं नाही.

उतार आता पायाला धरत होता. साहेब मात्र काकांना जवळ करत नव्हता. काका तळ्याजवळ गेले की तो उठून आत जायचा. जेवण काकूंच्या हातून. दारात आवाज आला तरी काकांसाठी शेपटी हलायची नाही. डॉक्टरीणबाईंची तारीख पाच आठवड्यांवर आली होती, मग चारवर. काकूंनी एकदा विचारलं, "तिथे जाऊन काय सांगायचं?" काका म्हणाले, "बघू." बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि अशात तळं गळायला लागलं.

तळं पुन्हा भरताना काकांनी सवयीने रेघ मारली होती, बादलीही ठेवली होती. एका संध्याकाळी बादलीत पाव बोट उतरलेलं आणि तळ्यात सव्वा बोट. त्यांनी पुन्हा काठोकाठ भरलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी दीड बोट.

"छिन्नीने तडा गेला असणार," ते काकूंना म्हणाले. "दोनशे बारावी गळली. तीही घरातली."

"गळू दे की. टाकू रोज दोन बादल्या जास्त."

"रविवारी सगळं उपसतो आणि तळ फोडून बघतो."

"अहो, काहीतरीच काय! कुत्र्याची तारीख जवळ आलीय आणि तुम्हाला तड्याचं पडलंय."

काका ऐकणाऱ्यातले नव्हते. पण फोडायच्या आधी गळती कुठे आहे ते शोधायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी भिंतींवरून बोट फिरवलं. कडेच्या मातीत काडी खुपसली. पाण्यात निळीचे थेंब सोडले आणि निळं कुठे ओढलं जातंय ते ओणवं होऊन पाहिलं. थेंब जागच्या जागी पसरले, कुठेच ओढले गेले नाहीत. मग एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ते चक्रावले. संध्याकाळी रेघेवर भरलेलं पाणी सकाळी रेघेवरच असे. रात्रभर गळती नाही. म्हणजे गळायचं ते दिवसा.

"ही कसली गळती?" ते मास्तरांना म्हणाले. "कचेरीची वेळ पाळते?"

"सरकारी असेल," मास्तर म्हणाले.

काकांना आता चैन पडेना. ते दहाला मोजू लागले, बाराला मोजू लागले. दहाला रेघेवर. बाराला रेघेवर. जेवण, वामकुक्षी, चार वाजता उठून पाहावं तर सव्वा बोट गायब. काठाबाहेरच्या फरशीवर ओलसर डाग, त्या कडेचं गवत दुसऱ्या कडेपेक्षा हिरवं. तडा गेला तर पाणी खालून जातं, काठावरून नाही. पाणी काठावरून जातं ते एकाच कारणाने. आत काहीतरी उतरलं की.

चिंगी? ती दुपारभर काकूंच्या पायाशी घोरत असे. आणि तिच्या अंगाने चमचाभर पाणी सांडलं असतं.

शनिवारी जेवण झाल्यावर काका पडले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी अर्धी लोटून ओट्याच्या आडोशाला उभे राहिले. दीड वाजला. पावणेदोन. पाय भरून आले. परसात ऊन नुसतं पेटलं होतं.

धुण्याच्या दगडामागून साहेब उठला. एकदा कोसळला, पुन्हा उठला. दाराकडे पाहिलं, कानोसा घेतला. मग उताराशी आला आणि एक पाय टाकून थांबला, एक पाय टाकून थांबला, अगदी तोललेला माल तपासावा तसा. टोचलेल्या सिमेंटवर पंजे धरत होते. छाती पाण्याला लागली, तळं काठावरून ओसंडलं आणि साहेब पोहायला लागला.

स्वच्छ पाण्यात सगळं दिसत होतं. मागचे पाय, ते लटपटणारे, हाडकुळे पाय, एकामागून एक चालत होते. साहेबाने एक फेरी मारली. मग दुसरी. मग पाण्यात उभा राहून त्याने डोळे मिटले.

"अगं ए, इकडे ये," काका कुजबुजले. "आवाज करू नकोस."

काकू आल्या, त्यांनी पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. काकांना रडताना त्यांनी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. "तरीच म्हटलं, याचं पोट रोज ओलं कसं," त्या म्हणाल्या, "मी आपली चिंगीने भिजवलं म्हणून तिच्यावर ओरडत होते."

"मी नसलो की उतरतो," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते त्यांना लागलं होतं.

रविवारी तळ फुटला नाही. घरात नवा कायदा झाला, की एक ते तीन परसात कुणीही जायचं नाही, दोरीवरचे कपडे वाळून कोळसा झाले तरी. काका रोज जाळीआड उभे राहत. संध्याकाळी रेघेखाली बोट धरत आणि कुंपणावरून ओरडत, "मास्तर, आज पावणेदोन बोटं!"

"गळती वाढली म्हणून नाचणारा पहिलाच टाकीवाला बघतोय," मास्तर म्हणत.

तारखेला डॉक्टरीणबाईंनी साहेबाच्या मांड्या दाबल्या, फितीने मोजल्या, जुना कागद काढून पुन्हा मोजल्या. या वेळी त्यांनी काकांकडे बघितलं. "मांस धरतंय. वेगळं काही बोलायला नको आता. पण एक दिवस चुकवू नका. या वयात थांबला तर झर्रकन मागे जाईल." काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी साहेबाच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला. साहेबाने मान काढून घेतली. डॉक्टरीणबाई मग औषधाची चिठ्ठी लिहीत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात एका जुन्या ओळखीच्या ठेकेदाराने काकांना बोलावलं. त्याची नवी टाकी गळत होती आणि कुठून ते सापडत नव्हतं. काका सकाळी गेले, तडा शोधून दिला, आग्रहाने जेवले आणि परत यायला सहा वाजले. चपला काढायच्या आधी ते परसात गेले.

पाणी रेघेवर होतं. बादलीइतकंच उतरलेलं, पाव बोट.

"काय झालं?" त्यांचा आवाज चढला. "पडला का? पाय दुखावला?"

"काही नाही झालं," काकू दारात येऊन म्हणाल्या. "दीडला उठला, उताराशी गेला आणि खिडकीकडे बघत उभा राहिला. मला वाटलं मला बघतोय, म्हणून मी बाजूला झाले. तरी तसाच. जाळीकडे बघायचा, कान टवकारायचा, परत बघायचा. तासभर. मग जाऊन बसला."

काका खिडकीकडे वळले. अर्धी लोटलेली जाळी, तिच्यामागे ओट्याची कड, त्यांची रोजची जागा. परसातून ती लख्ख दिसत होती.

म्हणजे त्याला त्या पहिल्या शनिवारपासून माहीत होतं.

काकांनी चपला काढल्या. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टोचलेल्या उतारावर जाऊन बसले, पावलं पाण्यात सोडून. साहेबाकडे पाहिलं नाही. हाक मारली नाही. दगडामागे हालचाल झाली. नखांचा आवाज जवळ आला, थांबला, पुन्हा आला. काकांच्या खांद्याला केसाळ अंग घासलं आणि साहेब त्यांच्या शेजारून एक एक पाय टाकत पाण्यात गेला.

तीन फेऱ्या मारून तो परत वर आला, काकांच्या समोर उभा राहिला आणि त्याने अंग झाडलं. काका डोक्यापासून चिंब झाले. साहेब बाजूला बसला, मान तिरकी करून, वाळूच्या ढिगावर बसायचा तसा.

"अहो, काळोख पडेल, रेघ बघायची राहील," काकू दारातून म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. त्या दिवशी पाणी किती उतरलं ते कुणी मोजलं नाही.