सावकाश सरांचं वादळ

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे सावकाश सर म्हणायचे. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर, आणि सरांना त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांनी एकच मंत्र दिला होता. क्लच सोडताना सावकाश, वळताना सावकाश, आणि घाबरलात तर आणखी सावकाश. एकदा एका गृहस्थांनी स्कूलच्या फाटकाचा खांबच आडवा केला, तर सर खाली उतरले, खांबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जुनाच होता. चला, रिव्हर्स घ्या." असा माणूस. शिकणाऱ्यांच्या घरचे लोक म्हणायचे, माणूस कसला, बर्फाची लादी आहे.

पण लादीवर रोज काय काय ओतलं जायचं ते कोणी बघत नव्हतं. डोक्यावर शिकाऊची पाटी लावलेली पांढरी गाडी रस्त्यावर आली की मागच्या प्रत्येकाला हॉर्नचा झटका यायचा. बाजूने जाणारे काच खाली करून ओरडायचे, "काका, चालत गेलात तर लवकर पोचाल!" सर हसून हात वर करायचे आणि शेजारच्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाला म्हणायचे, "त्यांना घाई आहे, आपल्याला नाही." बावीस वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बावीस वर्षं मूग गिळून.

त्यांच्या मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना तो आपला गेमचा खोका टीव्हीखाली तसाच सोडून गेला. एका रविवारी दुपारी सरांनी सहज म्हणून तो लावला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. दोन महिन्यांत सर त्यात असे अडकले की बायको चहा घेऊन शेजारी उभी राहायची आणि चहा गार होऊन परत जायचा. नेटवरून आठजण एकदम खेळायचे, कुठले कोण देव जाणे. कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि नाव घ्यायचं आपल्याला हवं ते. सरांनी नाव घेतलं 'वादळ'. गाडी घेतली काळी.

वेगात तरुण पोरांपुढे आपला टिकाव लागत नाही हे सरांना लवकरच कळलं. मग त्यांनी दुसरा उद्योग शोधला. डोंगराच्या रस्त्यावर एक अवघड वळण होतं. तिथे ते गाडी आडोशाला लावून थांबायचे आणि येणाऱ्याला बाजूने ठोकर द्यायचे. समोरचा कड्यावरून खाली गेला की सरांच्या जिवाला गार वाटायचं. चांगली गोष्ट नाही, पण खोटं कशाला सांगायचं, गारच वाटायचं. आणि वरून तोंड. दिवसभर गिळलेलं सगळं तिथे बाहेर यायचं, अशा आवाजात की तो आवाज त्यांच्या बायकोशिवाय जगात कोणी ऐकलेला नव्हता.

त्या सुमारास त्यांच्याकडे लॅबवाल्या ताई शिकत होत्या. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढणं हे त्यांचं काम. हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळू नये. तोच हात स्टीअरिंगवर आला की थरथरायचा. परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा हँडब्रेक न सोडताच निघाल्या, दुसऱ्यांदा चढावर गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना मैदानात रोवलेली काठी पाडली. लॅबने सांगितलं होतं, लायसन्स काढलंत तर गाडी देऊ आणि लांबच्या पेशंटांचं काम तुमचं. नाहीतर ते दुसऱ्या कोणाला जाईल. चौथी परीक्षा येत्या शुक्रवारी होती. सरांनी त्यांच्यावर जीव तोडून मेहनत घेतली होती, हेही खरंच.

रविवारी दुपारी सर खेळायला बसले. आठ गाड्यांत एक पिवळी गाडी होती, सगळ्यांच्या मागे, कडेकडेने, वळणावर जवळजवळ थांबत चाललेली. सरांनी तिला पहिल्या फेरीत कड्यावरून ढकललं. ती परत आली. दुसऱ्या फेरीत परत ढकललं. तेव्हा हेडफोनमध्ये खरखरत एका बाईचा आवाज आला, "अहो, थांबा ना जरा, मी शिकतेय!"

"शिकतेय?" सर ओरडले. "अगं, तुला सात जन्मांत जमायचं नाही! तुझ्यासारख्यांमुळे रस्ते अडतात. जा, घरी बस, भांडी घास!" आणि तिसऱ्यांदा ठोकर दिली. पिवळी गाडी खाली गेली आणि यादीतून तिचं नावच नाहीसं झालं. सर मोठ्याने हसले. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोणाशी भांडताय?" तर म्हणाले, "कोणाशी नाही, गेम आहे."

सोमवारी सकाळी लॅबवाल्या ताई आल्या, गाडीत बसल्या, पट्टा लावला, पण किल्ली फिरवेनात.

"सर, मी शुक्रवारी जात नाही."

"का हो? काय झालं?"

"तुम्ही हसाल." त्या समोर बघत बोलत होत्या. "माझ्या मुलीने सुचवलं, आई, तू गेमवर प्रॅक्टिस कर, भीती जाईल. मैत्रिणीकडून मागून आणला तिने. पिवळी गाडी निवडून दिली, शेजारी बसली. कोणीतरी वादळ नावाचा माणूस होता. मला सारखा पाडत होता. मी म्हटलं, शिकतेय, तर म्हणाला सात जन्मांत जमायचं नाही, घरी बस, भांडी घास. टीव्हीच्या स्पीकरवर सगळं ऐकू आलं, सर. मला त्याचं एवढं नाही, मी पेशंटांचं काय काय ऐकते. पण मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, आई, तू खरंच नको चालवूस, तुला काही झालं तर? तिला पटलं ना त्याचं."

 सरांची कानशिलं तापली. आता सांगावं, याच क्षणी सांगावं, असं वाटलं आणि तोंडातून निघालं ते असं, "असली माणसं नालायक असतात, ताई. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

"हो ना," ताई म्हणाल्या, आणि डोळे पुसून हसल्या. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं. तुमच्यासमोर कितीही चुकलं तरी मला लाज वाटत नाही."

त्या दिवशी शिकवण्यात काही राम नव्हता. सरांनी तासभर 'सावकाश' म्हटलं आणि प्रत्येक वेळी तो शब्द त्यांनाच खोटा वाटला. ताई ऐकून घेत होत्या, मान डोलवत होत्या, आणि परीक्षेला जाणार नाही यावर ठाम होत्या. गुरुवारपर्यंतचे तास ठरलेले होते म्हणून त्या येणार होत्या, एवढंच.

घरी येऊन सरांनी गेमला हात लावला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "काय, वादळ शमलं वाटतं?" सर एवढे दचकले की तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. भांडी घासायचं ते वाक्य सांगताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.

बायकोने टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडायचात ते मी रोज ऐकत होते. मला वाटायचं, गेममधली माणसं खोटी असतात. म्हणजे पलीकडे कोणी नसतंच."

"असतात," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

 माहीत होतं. आवाज येत होते, चिडलेले, रडवेले. एकदा एक म्हातारा गृहस्थ नुसतं "का हो, का?" एवढंच म्हणाला होता आणि सरांना त्याचंही हसू आलं होतं. त्यांनी मान खाली घातली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि बायकोसमोर अशी मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. ती टॉवेल घेऊन आत गेली.

गुरुवारी ताईंचा शेवटचा तास. परीक्षेच्या मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर सरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि इंजिन बंद करायला सांगितलं.  कसं सांगायचं ते रात्री तीन-चार प्रकारे ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"ताई, तो वादळ म्हणजे मी."

ताई हसल्या. त्यांना वाटलं, सर त्यांचं मन हलकं करायला काहीतरी बोलताहेत. मग त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"मीच पाडत होतो तुम्हाला. ते बोललो तेही मीच. तुम्ही आहात हे ठाऊक नव्हतं," सर म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं की हे शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट होतं.

 ताईंनी पुन्हा पट्टा तपासला, आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी काढली. स्कूलच्या वाटेला न लागता त्या गर्दीच्या चौकातून गेल्या. मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, त्याला त्यांनी जुमानलं नाही. चढावर सिग्नल लागला, तिथूनही गाडी बिनधक्का सुटली. बावीस वर्षांत सरांना इतकी नीट चालवलेली गाडी फार थोड्या वेळा मिळाली होती, आणि त्याबद्दल शाबास म्हणायचं तोंड त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

आपल्या इमारतीखाली ताईंनी गाडी लावली. म्हणाल्या, "उद्या मी परीक्षेला जाणार आहे. माझ्याबरोबर दुसऱ्या सरांना पाठवा. आणि आत्ता वर चला. मला सांगून काय उपयोग? मुलीला सांगा."

"ताई, तिला तुम्हीच..."

"मी नाही बोलले ते, सर. तुम्ही बोललात."

तीन मजले. प्रत्येक जिन्यावर सरांना वाटलं, काहीतरी कारण काढून परत फिरावं. गुडघ्याचं कारण होतंच, खरंखुरं. पण ताई मागून येत होत्या.

मुलगी टेबलाशी अभ्यास करत बसली होती. तेरा-चौदा वर्षांची असेल. आईला बघून म्हणाली, "आज लवकर?" आणि सरांना बघून उभी राहिली. "तुम्ही सावकाश सर ना? आई तुमच्याबद्दल सारखं सांगते."

सरांनी सांगितलं. उभ्या उभ्या, दाराजवळून. मी वादळ, मी बोललो, जे बोललो ते खोटं होतं, तुझी आई उत्तम गाडी चालवते, आत्ता चौकातून मला घेऊन आली. मी शिकवतो त्या सगळ्यांत तुझ्या आईइतकी चिकाटी कोणात नाही. माझी चूक झाली. मला माफ कर.

मुलीने आधी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग ती सरांकडे बघत राहिली. रागाने नाही, गणित अडल्यावर बघतात तसं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती माझी आई नसती, दुसरी कोणी असती, तर तुम्ही सांगायला आला असता?"

सरांनी तोंड उघडलं. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. मुलीने विश्वासही ठेवला असता, आणि आईनेही कदाचित. त्या वळणावरून खाली गेलेल्या सगळ्या गाड्या त्यांना आठवल्या, लाल, हिरव्या, निळ्या, आणि त्यातल्या एकाही गाडीतला माणूस त्यांना सापडणार नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

मुलीने मान डोलावली, खुर्चीत बसली आणि वही पुढे ओढली. सर तिथेच दाराशी उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.