झेपत नाही म्हणे

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या एका मुलीनं जुना लॅपटॉप ठेवला आणि यावर गेम चालतील का, विचारलं. दुकानदार तो न उघडताच म्हणाला, "ताई, याला गेम झेपणार नाहीत. नवा घ्या."

मला संताप आला. जुनं म्हणजे निकामी, हे न बघताच कसं ठरवतात? वीस वर्षांपूर्वीचे रोल-प्लेइंग गेम त्यावर आरामात चालतील. चार सोबती घेऊन गावोगाव भटकायचं, वाचायचं, निर्णय घ्यायचे. मी तिला दोन गेमची नावं लिहून दिली.

"काका, तुम्ही खेळता?"

"माझी मुलगी खेळायची," एवढंच बोललो.

गेममधल्या तिच्या चार सोबत्यांना आम्हा घरच्यांचीच नावं होती. तिच्या दहावीच्या वर्षी मी तो गेम गुपचूप पुसला आणि सांगितलं, कॉम्प्युटर जुना झालाय, त्याला झेपत नाही. तिनं विश्वास ठेवला. पुन्हा माझ्याकडे काही मागितलं नाही.