तिसऱ्या रांगेतली बाई

आमच्या ऑफिसात जाहिरातींसाठी अ‍ॅनिमेशन बनतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला आम्ही ओळंबा म्हणतो. गवंड्याच्या दोरीसारखा सरळ माणूस. टेबलावरची पेनंही रांगेत. पगार मात्र त्याला पसारा करण्याचा मिळतो. एक वस्तू बनवायची, तिच्या शेकडो प्रती काढायच्या, आणि त्या एका माळेचे मणी वाटू नयेत म्हणून थोड्याथोड्या बिघडवायच्या. हे तो फार शिस्तीत करतो.

मध्यंतरी खुर्च्यांची जाहिरात आली. भरलेलं नाट्यगृह, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. ओळंब्याने घरी बायकोला खुर्चीत बसवलं, आपलं काम काय असतं आणि तिने काय करायचं ते नीट समजावलं आणि तिच्या टाळ्यांचं चित्रण केलं. "पुरे" म्हटल्यावरही ती वाजवतच राहिली. तेवढा तुकडा त्याने कापला.

मग तिच्यावरून एक बाहुली बनवली आणि तिच्या तीनशे प्रती काढल्या. सगळ्या कवायतीसारखी एकदम टाळी वाजवत होत्या. त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला. कुणाची उंची बदलली, कुणाचे कपडे, कुणाची टाळी अंमळ मागे पडली. काम झकास झालं. मला जमलं नसतं, आणि याचा मला रागही आला.

घरी त्याने बायकोला हौसेने दाखवलं.

"यात मी कुठली?"

"तू नाहीस. मूळ बाहुली लपवून ठेवतात. दिसतात त्या नुसत्या प्रती."

"म्हणजे एवढ्या बायका चालल्या, मीच तेवढी चालले नाही."

खरं कुठे गिळायचं, हेही माणसाला कळावं लागतं. बायकोच्या तोंडाला कुलूप लागलं. ओळंब्याची पेनं वाकडी दिसली तेव्हा मी खोदून विचारलं, म्हणून हे कळलं. बिचारा अगदी रडवेला झाला होता.

त्याच दिवशी त्याने तिसऱ्या रांगेत एक बाहुली हाताने बसवली आणि कापलेला तुकडा तिला परत जोडला. सगळं नाट्यगृह थांबतं, ती वाजवतच राहते.

खुर्चीवाले साहेब बघायला आले. "ही एक चुकतेय. काढा."

जन्मात कुणाला 'नाही' न म्हटलेला ओळंबा म्हणाला, "ती नाही काढणार मी."

आमच्या मालकांना घाम फुटला. साहेबांनी पुन्हा पाहिलं. "खुर्ची सोडवत नाहीये तिला," ते म्हणाले. "राहू द्या."

जाहिरात टीव्हीवर लागली. बायकोने स्वतःला लगेच ओळखलं.

"पुरे म्हटलं तरी थांबली का नव्हतीस?" त्याने तेव्हा कुठे विचारलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर काय करता ते मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंत. म्हणून वाजवत होते."