कोपऱ्यातलं वय

माझ्या वहिनीला ऑफिसात शंकाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक आहे, आणि संध्याकाळी चपला काढता काढता तीच सांगते, वन्सं, आज शंकाबाईंच्या पाच शंका परत आल्या, दोन हरवल्या. मग पाय वर घेऊन खुर्चीत बसते. मी चहा ठेवते. भाऊ परगावी नोकरीला असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्डची खोली आहे. खिडकी नाही, ट्यूबलाइट दिवसभर चालू. पेशंटला घरी सोडायचं ठरलं की त्याची फाइल खाली येते. वहिनी ती वाचते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारांना कोड देते, म्हणजे ठरलेली अक्षरं आणि आकडे. कोड पडला की वर सुटीचा कागद छापतात. पुढे हा माणूस कुठल्याही दवाखान्यात गेला तरी आधी तो कोडच बघतात. पूर्वी त्या खोलीत सहाजणी होत्या, आता तिघी. फायली वाढतच गेल्या. सत्तावीस वर्षं झाली तिला. चष्म्याचा नंबर किती वेळा बदलला ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय.

हृदयाच्या फायली तिच्याकडे. माझं इंग्रजी शाळेपासूनच जेमतेम, म्हणून तिने मला एकदा भाजी निवडताना मराठीत समजावलं होतं. हृदयाच्या वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर निरोप जातो, मग ठोका पडतो. निरोप उशिरा पोचला तर तो पहिल्या पायरीचा ब्लॉक. त्याच्यासकट माणूस म्हातारा होतो, त्याला कळतही नाही. मधले काही निरोप गळाले तर दुसऱ्या पायरीचा. आणि एकही खाली पोचला नाही तर पूर्ण ब्लॉक. मग खालचा मजला आपल्याच मनाने रेंगाळत काम करतो, आणि एखाद्या क्षणी बसकण मारतो. तिथे पेसमेकर बसवावाच लागतो. प्रत्येकाचा कोड वेगळा. डॉक्टर मात्र घाईत नुसतं 'हार्ट ब्लॉक' लिहून मोकळे होतात.

नियम असा, की फाइलीत ईसीजीची पट्टी असली आणि तुम्हाला ती वाचता येत असली, तरी पट्टी बघून कोड द्यायचा नाही. डॉक्टरांनी शब्दांत लिहिलं तेवढंच धरायचं. लिहिलं नसेल तर चिठ्ठी पाठवून विचारायचं, आणि चिठ्ठीतही उत्तर सुचवायचं नाही. या चिठ्ठ्यांमुळेच तिला ते नाव पडलं.

मागच्या सोमवारी तिच्याकडे एका शिंप्याची फाइल आली. चक्कर येऊन दुकानात पडला होता. दोन दिवस ठेवून घेतलं, आता घरी सोडणार. लिहिलेलं नुसतं 'हार्ट ब्लॉक'. तिने पट्टी उलगडून बघितली. निरोप एकीकडे, ठोके भलतीकडे, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पूर्ण ब्लॉक. असा माणूस घरी गेला तर पुन्हा पडेल, आणि कदाचित उठणार नाही. अन् फाइलीत पेसमेकरचं नावही नाही.

तिने चिठ्ठी पाठवली, की ब्लॉकचा प्रकार लिहावा. तासाभराने चिठ्ठी परत आली, खाली डॉक्टरांची सही आणि 'आहे तसं करा'. त्यांच्या खोलीच्या हेडबाई म्हणाल्या, मग आहे तसं कर आणि सुटका कर सगळ्यांची, शिंप्याची बायको पिशवी भरून बसलीय, वरून तीनदा फोन आला. वहिनी मला म्हणाली, खोटं कशाला सांगू, बोट पूर्ण ब्लॉकच्या कोडवर गेलं होतं. टाकला असता तर कॉम्प्युटर काही विचारत नाही, आणि तो बघून वर कुणीतरी दचकलं असतं. पण सत्तावीस वर्षं जे केलं नाही ते रिटायरमेंटला दोन वर्षं उरली असताना कुठे करायचं? ती उठली. लिफ्ट बंद होती. गुडघे धरत चार मजले चढली.

डॉक्टर तरुण, रात्रभराच्या ड्युटीने डोळे लाल झालेले. म्हणाले, आज शंका स्वतः चालत आली. तिने फाइल पुढे केली.

"कुठला ब्लॉक, ते लिहिलं नाहीये."

"ताई, तुम्हाला पट्टी वाचता येते हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. टाका तुम्हीच."

"मला दिसलेलं चालत नाही, डॉक्टर. तुम्हाला दिसलेलं लागतं."

ते वैतागले, पण पट्टी हातात घेतली. बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "ही त्याची नाही."

शिंप्याचा ब्लॉक पहिल्या पायरीचा होता. त्याची पट्टी त्यांनी स्वतः पाहिलेली होती. या पट्टीवर नावाचा स्टिकर शिंप्याचाच चिकटवलेला, पण कोपऱ्यात मशीनने बारीक छापलेलं वय होतं एकाहत्तर. शिंपी सेहेचाळीस वर्षांचा.

शेजारच्या खाटेवर एक रिटायर्ड पोस्टमन होते, वय एकाहत्तर. शिंप्याची पट्टी त्यांच्या फाइलीत गेली होती. असा ब्लॉक कधी कधी येतो-जातो, त्यामुळे सकाळी नाडी बघताना काही सापडलं नाही, आणि अंगातलं पाणी कमी पडून चक्कर आली असं लिहून त्यांना सोडलं होतं. खाटेवरची चादरही बदलून झाली होती.

डॉक्टर धावले, सिस्टरनी गेटला फोन लावला. वहिनी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारबुवा खाली औषधांच्या खिडकीजवळ बाकावर सापडले. सून रांगेत उभी म्हणून थांबले होते. व्हीलचेअरवरून वर आणलं तेव्हा, मी चालत आलो असतो की, असं सगळ्यांना सांगत होते. दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला.

त्या दिवशी वहिनीच्या सात फायली कमी भरल्या. तासभर जागेवर का नव्हतीस ते हेडबाईंनी लेखी मागितलं. तिने लिहून दिलं, चिठ्ठीचं उत्तर आणायला वर गेले होते.

घरी आल्यावर तिला ना आनंद ना काही. चहा गार होत होता.

"मी ठोके बघितले, वन्सं. कोपरा नाही बघितला. पूर्वी मी सगळ्यात आधी कोपरा बघायची."

मी म्हटलं, "देवानेच तुला जिना चढवला."

"मग त्यालाच सांगा, लिफ्टचंही बघ म्हणावं."

आणि तशीच खुर्चीत झोपली. मी तिच्या हातातली कपबशी काढून घेतली. त्या आजोबांसाठी मी रोज देवापुढे हात जोडते. त्यांचं नाव मला माहीत नाही, वहिनी घरी कुणाचं नाव सांगत नाही. देवाला नुसतं एकाहत्तर म्हटलं तरी कळत असेल.

शनिवारी त्यांची फाइल खाली आली. पूर्ण हार्ट ब्लॉक, पेसमेकर बसवला, असं डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. वहिनीने आधी कोपरा बघितला, मग कोड दिला. त्याच्या खालच्या फाइलीत, त्याच डॉक्टरांच्या अक्षरात, पुन्हा नुसतं 'हार्ट ब्लॉक'. तिने चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं.