सात फुटावर सहा, नऊ फुटावर किती

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास शाहूपुरीतल्या, बिलियर्डसारखा पूल खेळायच्या हॉलमध्ये धैर्यशीलनं हातातली स्टिक भिंतीला टेकवली आणि खेळ थांबवला.

"ताई, मॅच म्होरं जायची न्हाय. आदी ह्या माणसाचा नंबर ठरवा."

ताई म्हणजे संघप्रिया. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तपासणीला आहे. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच कारखान्याकारखान्यांतल्या हौशी खेळाडूंची पूल स्पर्धा भरवणाऱ्या बाळासोंनी नंबर द्यायचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं. नंबर दोनपासून सातपर्यंत. ज्याचा जो नंबर, तेवढे गेम त्यानं जिंकायचे. सहाच्या खेळाडूला सहा गेम लागतात, तीनच्याला तीनच. कच्चा गडी पक्क्यासमोर टिकावा, एवढाच हेतू. पण त्यामुळं जो तो आपला नंबर कमी मागतो, आणि येत असून मुद्दाम चुकणाऱ्याला हुडकून काढायचं काम संघप्रियाकडं येतं.

धैर्यशील सहाचा. त्याच्यासमोर वारणानगरहून आलेला विश्वजित, नंबर तीन. धैर्यशीलचे तीन गेम झाले होते, विश्वजितचे दोन. आणखी एक जिंकला की विश्वजित फायनलला.

धैर्यशीलनं मोबाईल तिच्यापुढं धरला. व्हिडिओत विश्वजित त्याच्या वसाहतीतल्या टेबलावर खेळत होता. एकामागून एक सात बॉल घातले, मग शेवटी घालायचा काळा. कुठं अडखळला नाही.

"तीनचा माणूस असा खेळतोय व्हय?" धैर्यशील म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "ह्येची बहीण अक्षता तुमच्याच लायनीवर हाय न्हवं? दुपारी एकत्र जेवता की तुमी."

बोलणं खोटं नव्हतं. अक्षतानं भावासाठी कधी शब्द टाकला नव्हता, पण ते आता कोण ऐकणार?

बाळासो खुर्चीतून उठले. "लपवाछपवी निघाली तर त्या कारखान्याची टीम वर्षभर भाईर, नियम हाय. संघप्रिया, अर्धा तास घे. पण जे सांगशील ते सगळ्यांसमोर."

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तिनं माणूस सोडून टेबल बघितलं. सात फुटी होतं. बॉल जायची पॉकेटंही सैल. एकही बॉल लांबून घातलेला नव्हता. सगळे हाताच्या अंतरावरचे. हॉलमधली टेबलं नऊ फुटी. दोन फुटांचा फरक बोलायला किरकोळ, पण लांबच्या बॉलला नेम गव्हाएवढा चुकला की पॉकेटपाशी ती चूक वीतभर होते.

"विश्वजित, लांबचे दहा मार," ती म्हणाली. एक बॉल टेबलाच्या मध्यावर, स्टिकनं मारायचा पांढरा अलीकडच्या टोकाला, घालायचा पलीकडच्या कोपऱ्यात.

ती टेबलाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. बॉलकडं बघायचंच नाही, डोळ्यांकडं बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. खरा चुकणारा मान वर करून बॉलच्या मागं पार पॉकेटपर्यंत नजर नेतो, अजून जाईल म्हणून. मुद्दाम चुकणाऱ्याला ती आशा नसते. त्याची नजर आधीच पांढऱ्यावर गेलेली असते.

पहिला गेला. दुसरा चुकला, मान वर आली. तिसरा, चौथा गेला. पाचवा चुकला, पुन्हा मान वर. सहावा गेला. सातवा बोटभर चुकला, आणि विश्वजितचे डोळे सरळ पांढऱ्याकडं गेले.

"बघितलंसा?" धैर्यशील म्हणाला.

तिनं बघितलं होतं. "आत्ता कुठं बघत होतास?"

"पांढऱ्याकडं, ताई. आमच्या बारक्या टेबलावर बॉलांची गर्दी असती. पांढरा कुठं थांबतोय ते बघितलं न्हाय तर म्होरचा बॉल गावत न्हाय. सवय लागलीया."

उत्तर खरं असेल, नाहीतर घरून पाठ करून आणलेलं. राहिलेल्या तीनपैकी दोन गेले. मग कोपऱ्यात सरावासाठी ठेवलेल्या जुन्या सात फुटी टेबलावर तिनं त्याला नेलं. तिथं तो व्हिडिओतल्यासारखाच खेळला. बॉल जावो न जावो, प्रत्येक फटक्याला त्याची नजर शेवटी पांढऱ्यावरच येत होती. सवयच होती.

पण एक गोष्ट तिला टोचत होती. हा तीन नंबर तिनं जूनमध्ये दिला होता, विश्वजितनं आयुष्यात पहिल्यांदा नऊ फुटी टेबलाला हात लावला त्या दिवशी. आज दहातले सहा गेले. जूनमध्ये दोन गेले असते तर खूप.

ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"हा काही लपवत नाही. बारक्या टेबलावर सहाचा आहे, मोठ्यावर नाही. पण आता तो तीनचाही राहिलेला नाही, चारचा झालाय. मी मधी तपासायला पाहिजे होतं, तपासलं नाही. चूक माझी. आजपासून चार."

म्हणजे एक नव्हे, अजून दोन गेम. "मी काय केलं, ताई?" एवढंच विश्वजित म्हणाला. तिनं यादीत तीन खोडून चार लिहिला. धैर्यशीलचंही समाधान झालं नाही. त्याला पाच हवा होता.

मॅच सुरू झाली. धैर्यशील चार. विश्वजित तीन. धैर्यशील पाच. आता पुढचा गेम जो मारेल तो फायनलला. विश्वजितचा फक्त काळा उरला होता, पलीकडच्या कोपऱ्याशी, आणि पांढरा पार या टोकाला. तो दोनदा वाकला आणि दोनदा सरळ झाला. संघप्रियाला कळेना आपल्याला काय व्हायला हवंय. गेला तर धैर्यशील तिला खोटी ठरवणार. चुकला तर एका गरीब पोराचा घास तिनं काढला.

काळा पॉकेटच्या ओठावर आपटून बाहेर आला. विश्वजितची मान वर आली आणि तशीच राहिली.

धैर्यशीलनं राहिलेले दोन बॉल आणि काळा घातला. मग विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लपवत न्हवतास, गड्या." संघप्रियाकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

सोमवारी अक्षता दुसऱ्या टेबलावर जेवली. मंगळवारीही. गुरुवारी ती येऊन समोर बसली; मॅचचा विषय दोघींनी काढला नाही.

पुढच्या मोसमाला संघप्रियानं बाळासोंना दोन अटी घातल्या. टेबलागणिक वेगळा नंबर, आणि तिच्या जोडीला तपासायला आणखी एक माणूस. बाळासोंनी धैर्यशीललाच नेमलं. दोघांनी मिळून मोठ्या टेबलावर विश्वजितला पाच दिला, आणि विश्वजित अजून त्यावर भांडतो आहे.