मधल्या नावातलं गाव

बंगळूरची गाडी मिरजेच्या फलाटाला लागली तरी अप्पा माझं तिकीट वाचत होते. माझी पहिली नोकरी, पहिलाच एकटीचा लांबचा प्रवास. आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून माझं नाव एकेक अक्षर करून तपासत होते. अप्पांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. कुणाच्या उताऱ्यावर कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं उतरलं, यातच त्यांचे केस पिकले. ‘एक अक्षर चुकलं की गाव चुकतं’ हे त्यांचं वाक्य आम्ही बहिणी जेवताना एकमेकींना ऐकवून हसत असू. गाडी हलली तेव्हा आई म्हणाली, “पोचलीस की फोन कर.” अप्पा म्हणाले, “स्पेलिंग बरोबर आहे.” तेच त्यांचं ‘जपून जा’.

तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिले त्यांना वाटत असेल, घर सोडणं म्हणजे गाडीत बसणं. जे माझ्यासारखे निघाले त्यांना ठाऊक आहे, ते सोपं असतं. त्यानंतर आपण कोण आणि कुठले हे सतत कुणाला ना कुणाला पटवत राहावं लागतं. मला बंगळुरात ते फारसं जड गेलं नाही, कारण घरमालकीण मराठीच निघाली. शारदाअक्कांचे पणजोबा कधीतरी इकडे येऊन स्थायिक झालेले, त्यामुळे अक्कांच्या मराठीत कन्नड ताकातल्या मिठासारखं विरघळलेलं. “स्वल्प थांब गं, किल्ली आणते,” म्हणत त्यांनी बनशंकरीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला उघडून दिला आणि मी तिथली झाले. पटवण्याचं खरं काम पुढे माझ्या नवऱ्याच्या नशिबी होतं.

नवरा म्हणजे जोएल. फिलिपीन्सचा, इलोइलोचा. कोरमंगलात मी ज्या कंपनीत होते तिथे तो ट्रेनर म्हणून आला होता. तिन्ही वेळा भात खाणारा माणूस, त्यामुळे अक्कांचं मत पहिल्याच भेटीत ठरलं. “हे तर नम्मवरु, आपल्यातलेच,” त्या म्हणाल्या. मिरजेत एवढ्यावर भागलं नाही. आई कितीतरी दिवस माझ्याशी फक्त भाजीपाल्याबद्दल बोलली. अप्पांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “कागद नीट आहेत ना त्याचे?” कागद नीट होते, आणि अप्पांना जावई पसंत पडला.

त्या वर्षी मी घरूनच, म्हणजे मिरजेतूनच काम करत होते, म्हणून लग्नाची नोटीस सांगलीच्या कचेरीत दिली. फॉर्म अप्पांनी भरला, दुसऱ्या कुणाला पेनाला हात लावू दिला नाही. “फादर्स नेम काय रे बाबा?” त्यांनी जोएलला विचारलं. “रॉबर्टो,” तो म्हणाला. अप्पांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: जोएल रॉबर्टो तोरेस.

तुम्हाला यात काही खटकलं नसेल. मलाही नाही खटकलं, आणि तिथल्या क्लार्कलाही नाही. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. जगातल्या सगळ्या माणसांची नावं अशीच असतात, ही आपली बाळकडूतून आलेली समजूत. पासपोर्टवर मात्र ‘जोएल मगबानुआ तोरेस’ होतं, कारण त्यांच्याकडे मधे आईचं माहेरचं आडनाव लावतात. अप्पांनी पासपोर्ट पाहिला होता. ते मगबानुआ त्यांना कुणा कारकुनाची गफलत वाटली, आणि त्यांनी ती आपणहून सुधारली. लग्नाचा दाखला मराठीत आला. जोएलला देवनागरीतला ‘ज’सुद्धा ओळखता येत नव्हता. मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली आणि आम्ही पेढे वाटले.

पुढे कोरमंगलातली ती शाखा बंद झाली. मला दुसरीकडे काम मिळालं, पण जोएलचा व्हिसा नोकरीचा होता. नोकरी गेल्यावर त्याला राहायचं तर भारतीय बाईचा नवरा म्हणून नवा व्हिसा घ्यायला हवा, आणि त्यासाठी लग्नाचा दाखला. मला तेव्हा सहावा महिना होता. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, अक्कांची सही आणली, फोटो, भाडेकरार सगळं जोडून ऑनलाइन अर्ज केला. तो परत आला. कारण एका ओळीचं होतं: दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. मी भाषांतर उघडून पाहिलं आणि रॉबर्टो मला पहिल्यांदा दिसला. कागदोपत्री माझं लग्न कुणा भलत्याच माणसाशी झालं होतं, आणि स्वयंपाकघरात तांदूळ धूत असलेला हा माणूस माझा कुणीही लागत नव्हता.

मी जात्याच धास्तीखोर. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. त्या दिवसांत तर माझ्या हातून फोन सुटेना. कुठेतरी वाचलं की मूल जन्मेल त्या दिवशी आईबापांपैकी एकाचा मुक्काम बेकायदा ठरला, तर मुलाच्या नागरिकत्वाचाच प्रश्न उभा राहतो. ते खरं की अर्धवट, हे विचारायला वकिलाकडे जायचंही मला भय वाटायचं. तो हो म्हणाला तर? बाळ येण्याआधी बाप गेला तर? एकदा कामावरून आले तर जोएलने माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसायला घेतलेली. मला वाटलं, हा निघालाच. “हॉस्पिटलसाठी,” तो म्हणाला, “तुझे कपडे, बाळाचे कपडे.” मी ती बॅग त्याच्या हातातून ओढून घेतली आणि म्हटलं, “मी पिशवीत नेईन सगळं, ही वर ठेव.” त्याच्या भाषेत लाडक्या माणसाला ‘पलांगा’ म्हणतात. “वरी नको, पलांगा,” म्हणजे काळजी करू नकोस, असं तो अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत म्हणत राहिला. पण त्या आठवड्यात त्याच्या ताटातला भात उरायला लागला होता.

अप्पांना फोन केला. ते आधी ऐकूनच घेईनात. “मी चुकलेलो नाही. मधे बापाचंच नाव येतं. आईचं आडनाव मधे घालतं का कुणी? ते लग्नात सुटतं की.”

“त्याच्या आईचं नाही सुटलं, अप्पा.”

मग मी त्यांना ते सांगितलं, जे लग्नाच्या गडबडीत कुणी विचारलं नव्हतं आणि जोएलनेही काढलं नव्हतं. रॉबर्टो जहाजावर कामाला गेले ते दुसऱ्याच बंदरात दुसरा संसार मांडून बसले. शाळेच्या दारात खाऊ विकून जोएलला वाढवलं ते त्याच्या आईने. तिचं माहेर, तिचे कष्ट, तिचं जे काही होतं ते त्या एका मधल्या शब्दात होतं, आणि आम्ही तिथे पळून गेलेल्या माणसाला बसवलं होतं. अप्पा कोरड्या आवाजात म्हणाले, “दोघं या. तुम्ही समोर असल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.”

पोट सांभाळत मी पुन्हा त्याच गाडीने मिरजेला गेले, उलट्या दिशेने. आईने दारातच ओवाळलं आणि दारातच विषय काढला: “आता आलीसच तर राहा. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं.” मलाही राहायचं होतं. आईच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट समोर आलं तेव्हा तर फारच राहायचं होतं. पण जोएलचा नोंदलेला पत्ता बनशंकरीचा होता, पोलीस तपासणीला कधीही येणार, आणि त्याला एकट्याला पाठवून मागे त्याला देश सोडायला सांगितलं तर मी इथे झोपाळ्यावर बसून काय करणार होते? नाही म्हणताना मला आईच्या तोंडाकडे बघवलं नाही.

कचेरीतल्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं आणि म्हणाल्या, “मूळ नोंद खोडता येत नाही. समासात दुरुस्ती लिहायची, खाली माझी सही आणि तारीख.”

“खोडायचं नाही?” अप्पा अस्वस्थ झाले. “म्हणजे रॉबर्टो तसाच राहणार?”

“राहू दे, अप्पा,” जोएल मराठीत म्हणाला. एवढी मराठी त्याला येते हे मला त्या दिवशी कळलं.

अप्पा खुर्ची ओढून त्याच्या जवळ सरकले. “बाबा रे, हे मगबानुआ म्हणजे आहे तरी काय?”

“मला सगळं माहीत नाही. पण त्यातलं बानुआ, म्हणजे आमचं बनवा, मीन्स टाऊन. गाव.”

“बनवा?” अप्पांना हसू आलं. “आमच्यात बनवणं म्हणजे फसवणं!” आणि हसता हसता ते थांबले. “म्हणजे आडनावात गाव आहे म्हण की. मग आपल्यासारखंच झालं.” आमचं आडनाव म्हैसाळकर. म्हैसाळ मिरजेहून जवळ आहे. तिथे आता आमचं कुणी नाही, पण अप्पा अजून ‘आमच्या गावाकडं’ म्हणतात ते म्हैसाळलाच. ते उठले, बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि पूर्वी जमिनीच्या नोंदी सांगत असतील तशा खणखणीत आवाजात सांगू लागले, “लिहा बाई. म, ग, बा, नु, आ. नु ऱ्हस्व.”

आम्ही परत आलो, नव्याने अर्ज केला, आणि पुन्हा वाट पाहणं सुरू झालं. तपासणीला आलेल्या पोलिसाला अक्कांनी जिन्यातच गाठून कन्नडमध्ये काय काय सांगितलं कोण जाणे. तो कॉफी पिऊन, “सरी, सरी”, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत गेला. मुलाखतीत आम्हाला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. बायकोला राग कशाचा येतो, याचं उत्तर जोएलने ‘फॉर्म’ असं दिलं म्हणे. तो अधिकारी हसला, हे ऐकून मला उलट जास्त काळजी लागली. हसणारी माणसं सही करतातच असं नाही.

आई बाळंतपणाला मिरजेहून इकडे आली. लेक माहेरी जाईना म्हणून माहेर डिंकाचे लाडू घेऊन बनशंकरीत आलं. ती डबे काढून ओट्यावर मांडत होती तेव्हा माझ्या फोनवर मेल वाजला. मी आधी नाव वाचलं, मग मुदत, मग परत नाव. मग मला हुंदका आवरेना. “काय झालं गं?” आई घाबरून धावत आली.

“स्पेलिंग बरोबर आहे,” मी म्हणाले.

मुलगी झाली. दोन्हीकडच्या जिभांना जमेल म्हणून तिचं नाव तारा ठेवलं. भीती संपली असं मी म्हणणार नाही. व्हिसाला मुदत आहे. ती संपत येईल तेव्हा पुन्हा अर्ज, पुन्हा पोलीस, पुन्हा माझी झोप उडणार. तुमच्यातले जे परदेशी गेले ते हे वाचून मान डोलावतील. जे घरीच राहिले त्यांना एवढंच सांगते, आम्ही फोन उशिरा उचलतो तेव्हा दरवेळी मजेत असतो असं नाही.

जन्माच्या दाखल्याचा फॉर्म भरताना जोएल मधल्या नावाच्या रकान्यापाशी थांबला. माझ्या पद्धतीने तिथे त्याचं नाव यायला हवं, त्याच्या पद्धतीने माझं माहेरचं आडनाव. त्याने पेन माझ्या हातात दिलं. माणसाला हाक मारतात ती पहिल्या नावाने, दारावर पाटी लागते ती आडनावाची. मधलं नाव एरवी कुणाच्या लक्षातही नसतं, पण ते चुकलं तर आपण आपले उरत नाही, हे मी भोगून शिकले होते. मला घर म्हटलं की आता तेवढंच आठवतं: मधला एक शब्द, कुठेही गेलं तरी बरोबर येणारा.

मी अप्पांना फोन लावला. “अप्पा, नाव लिहितेय. तारा म्हैसाळकर तोरेस.”

“म्हैसाळकर?” त्यांनी विचारलं. “मधे?”

“मधे.”

पलीकडे त्यांनी कागद-पेन ओढून घेतल्याचं ऐकू आलं. “इंग्रजी स्पेलिंग सांग बघू.” मी सांगितलं. “अजून एकदा. सावकाश. एक अक्षर चुकलं की...”

“गाव चुकतं,” मी म्हणाले, आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सांगायला लागले.